धूर जहाजाचा, हिशेब कुणाचा?

(गोंदिया येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळल्यावर पहिला प्रश्न अपेक्षित होता तोच आला. सर, गोंदियाला समुद्र कुठे आहे? नाही आहे. मुंबई इथून जवळजवळ हजार किलोमीटर. पण आपल्याकडे तिरोड्याची चिमणी आहे. अदानींचं ३,३०० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र. तिथून निघणारा कार्बन भारताच्या नावावर लिहिला जातो. जगाच्या बैठकीत भारताला त्याबद्दल बोलावं लागतं, आकडे द्यावे लागतात. आता दुसरी चिमणी बघा. हिंदी महासागराच्या मधोमध चाललेल्या जहाजाची. तिचा धूर कुणाच्या नावावर? जहाज बांधलं कोरियात, मालक ग्रीसचा, झेंडा लायबेरियाचा, भाड्याने घेतलंय स्वित्झर्लंडच्या व्यापाऱ्याने, खलाशी रत्नागिरीचा आणि पोटात तांदूळ आपला. लिहा कुणाच्या खात्यात लिहायचं ते.

१९९७ च्या क्योटो करारात यावर काढलेला तोडगा असा, की आंतरराष्ट्रीय जहाजांच्या धुराचं काम संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने, म्हणजे लंडनच्या 'आयएमओ'ने पाहावं. २०१५ च्या पॅरिस करारात तर जहाजांचा उल्लेखही नाही. आणि हा धूर थोडाथोडका नाही. आयएमओच्याच अभ्यासाप्रमाणे २०१८ साली तो सुमारे १०८ कोटी टन होता, जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास. जहाजवाहतूक हा एक देश असता तर पहिल्या दहात बसला असता.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, जहाजं नाही. म्हणून आज मी जहाजांच्या इंजिनावर बोलणार नाही, एका युक्तिवादावर बोलणार आहे. तो युक्तिवाद रोज छापून येतो. एक बाजू म्हणते, कार्बनमुक्तीच्या नियमांनी जहाज कंपन्यांचं कंबरडं मोडेल. दुसरी बाजू म्हणते, जो प्रदूषण करतो त्याने भरावं, कंपन्या प्रदूषण करतात, त्यांनी भरावं, विषय संपला. माझं म्हणणं असं आहे की दोन्ही बाजू 'कंपनी' या शब्दाकडे नीट बघतच नाहीत.

मिलिंदप्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलेला आहे. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ कुठे आहे ते दाखव. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? तोच प्रश्न जहाज कंपनीला विचारा. जहाजाचा मालक म्हणजे कंपनी का? बहुतेक वेळा तो जहाज ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देतो. या 'टाइम चार्टर'मध्ये इंधनाचा खर्च भाडेकरू करतो, मालक नाही. आता मजा बघा. इंजिन सुधारायला पैसा घालायचा मालकाने आणि इंधनाची बचत जाणार भाडेकरूच्या खिशात. मग मालक कशाला पैसा घालेल? उलट जहाज किती वेगाने पळवायचं हे ठरवतो भाडेकरू, आणि जहाजाला 'ए' ते 'ई' अशी जी कार्बनश्रेणी १ जानेवारी २०२३ पासून मिळू लागली ती चिकटते जहाजाला. एक वर्ष 'ई' मिळाली किंवा सलग तीन वर्षं 'डी' मिळाली की सुधारणेचा आराखडा द्यायचा, तो जहाजवाल्याने. भाड्याचं घर, भाडेकरूने भिंत काळी केली आणि दंडाची नोटीस घरमालकाला, तसं हे आहे. 'प्रदूषण करणारा' नेमका कोण, हे ज्याला सांगता येत नाही त्याने 'प्रदूषकाने भरावं' हे तत्त्व फार जोरात म्हणू नये.

आता नियम काय आहे ते थोडक्यात सांगतो. जुलै २०२३ मध्ये आयएमओने ठरवलं की २०५० च्या सुमारास जहाजवाहतूक निव्वळ शून्यावर यावी. वाटेत २०३० पर्यंत किमान २० टक्के आणि २०४० पर्यंत किमान ७० टक्के घट, २००८ च्या तुलनेत. मग एप्रिल २०२५ मध्ये प्रत्यक्ष चौकट मंजूर झाली. ६३ देश बाजूने, १६ विरोधात, २४ तटस्थ. भारत बाजूने होता. सौदी अरेबिया आणि इतर तेलवाले विरोधात. प्रशांत महासागरातली बेटं तटस्थ राहिली, कारण त्यांच्या मते नियम फार मवाळ होता, सरसकट कर हवा होता. अमेरिका बैठकीतून उठूनच गेली.

चौकट अशी. ५,००० टनांपेक्षा मोठी जहाजं, म्हणजे धुराचा सुमारे ८५ टक्के वाटा. २००८ च्या पातळीला धरून दोन रेषा आखल्या. २०२८ साली वरची रेषा ४ टक्के घटीची, खालची १७ टक्क्यांची. खालच्या रेषेपर्यंत पोचला नाहीत तर दोन रेषांमधल्या प्रत्येक टन कार्बनला १०० डॉलर. वरची रेषाही गाठली नाहीत तर तिच्या वरच्या प्रत्येक टनाला ३८० डॉलर. रेषा दरवर्षी घट्ट होत जाणार. २०३५ मध्ये ३० आणि ४३ टक्के.

आता फळ्यावर एक ढोबळ हिशेब करू, कारण 'कंबरडं मोडेल' हे शब्द हिशेबाशिवाय ऐकायचे नसतात. एक जहाज धरा. काकीनाड्याहून ४०,००० टन उसना तांदूळ घेऊन, आफ्रिकेला वळसा घालून पश्चिम आफ्रिकेत बेनिनला निघालं. सुमारे महिन्याचा प्रवास. ६०० टन इंधन जळालं असं धरू. एक टन जहाजी तेल जाळलं की तीन टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे साधारण १,८६० टन. साधंच तेल जाळलं तर २०२८ च्या दराने १३ टक्क्यांवर १०० डॉलर आणि ४ टक्क्यांवर ३८० डॉलर. सरासरी काढली तर प्रत्येक टनाला २८ डॉलर. फेरीचे झाले सुमारे ५२,००० डॉलर.

हा आकडा दोन बाजूंनी बघा. तांदळाच्या बाजूने टनाला १.३ डॉलर, म्हणजे क्विंटलला अकरा-बारा रुपये. जहाजाच्या बाजूने, दिवसाला १२,००० डॉलर भाडं धरलं तर महिन्याच्या कमाईचा सातवा हिस्सा. २०३५ च्या रेषा आणि हेच दर धरले तर तांदळाला क्विंटलमागे पन्नास रुपयांच्या आसपास आणि जहाजाच्या कमाईचा दोन तृतीयांश. परत येताना जहाज रिकामं आलं तर आणखी. एकच पैसा, पण दाण्यावर पसरला तर मुठीत मावतो, आणि जहाजावर साचला तर जहाज बुडवतो.

म्हणजे सगळा खेळ आहे तो हा पैसा कोण कुणावर ढकलू शकतो याचा. राईस मिलवाले मित्र समोर बसलेत, त्यांना सांगतो, तुमचा सौदा बंदरापर्यंतचा आहे की परदेशात पोचवून देण्याचा, ते आधी बघा. बंदरापर्यंतचा असेल तर भाडं घेणाऱ्याच्या डोक्यावर. पण तो घेणारा गप्प थोडाच बसतो, तो तुमचा भाव पाडून मागतो. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. बेनिनला थायलंडचा तांदूळही जातो, तो आपल्यापेक्षा लांबून. नियम सगळ्यांना सारखा असेल तर लांबच्याला जास्त बसेल. म्हणजे या नियमाने आपला तांदूळ तुलनेने स्वस्तच पडू शकतो! मग तो वाढीव पैसा शेवटी देणार कोण? बेनिनमध्ये टोपलीभर तांदूळ घेणारी बाई. तिचं नाव एकाही मसुद्यात नाही.

आता 'कंपन्या बुडतील' या ओरडीकडे वळू. कंपन्या दोन जातींच्या आहेत. कंटेनरवाल्या आणि बाकीच्या. कंटेनरचा धंदा इतका एकवटला आहे की पहिल्या दहा कंपन्यांकडे जगाच्या क्षमतेचा ८० टक्क्यांहून जास्त वाटा आहे. युरोपने १ जानेवारी २०२४ पासून आपली कार्बन बाजारपेठ जहाजांना लागू केली, तेव्हा या कंपन्यांनी दर कंटेनरमागे किती अधिभार लागेल याची कोष्टकं आधीच काढून ठेवली होती. अधिभार खऱ्या खर्चापेक्षा जास्त घेतला जातो, अशी टीका युरोपातल्याच पर्यावरणवाद्यांनी केली. यात मला आश्चर्य वाटत नाही. २०२२ साली, कोविडनंतरच्या त्या टंचाईत, एकट्या मर्स्कने २९ अब्ज डॉलर नफा कमावला. लाल समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हाही भाडी चढली. जहाजाचा वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर रोजचं इंधन सत्तावीस टक्क्यांच्या आसपास वाचतं, पण तोच माल न्यायला जास्त जहाजं लागतात. जहाजं कमी पडली की भाडं वाढतं. तेव्हा कार्बनचा नियम मोठ्या कंपनीला संकट आहे की संधी, हे तिचा हिशेबनीसच जाणे.

दुसरी जात सुट्या मालाची. धान्य, कोळसा, तेल. इथे हजारो मालक, भाडं रोज बाजारात ठरतं, आणि एकटा मालक 'माझा कार्बनखर्च वेगळा द्या' असं म्हणू शकत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या जहाजाकडे जातं. मुंबईच्या आपल्या दोन प्रमुख कंपन्या मुख्यतः या बाजूला आहेत. १९४८ ची ग्रेट ईस्टर्न, आणि १९६१ मध्ये दोन सरकारी कंपन्या एकत्र करून झालेलं शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. तेलवाहू आणि सुट्या मालाची जहाजं हाच त्यांचा मोठा धंदा. म्हणजे ढकलणाऱ्यांत नाही, ढकलले जाणाऱ्यांत.

हे नवीन नाही. जहाजाचं भाडं निव्वळ खर्चावर कधीच ठरलेलं नाही, ते ताकदीवर ठरतं. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन काढली. ५ एप्रिलला त्यांचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं, तो दिवस आपण अजून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पण पुढे काय झालं ते त्या दिवशीच्या भाषणांत सहसा येत नाही. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडली. व्यापाऱ्यांना सवलत देऊन ती अडकवून ठेवायची, दुसऱ्याच्या जहाजाने माल पाठवलास तर सवलत बुडाली, अशी पद्धत होती. १९२३ च्या करारात सिंधियाला परदेशी मार्ग सोडून किनाऱ्यापुरतं राहणं भाग पडलं. ज्याच्या गाठीला तोटा सोसण्याइतका पैसा आहे तो नियम कोणताही असो, टिकतो. शंभर वर्षांपूर्वी हे शस्त्र स्वस्त भाड्याचं होतं. उद्या ते महागड्या इंधनाचं असेल, एवढाच फरक.

आणि इंधन कोणतं, हे तरी कुठे ठरलंय? एलएनजी घ्या तर मिथेनची गळती. मिथेनॉल घ्या तर हरित मिथेनॉल पुरेसं मिळत नाही. अमोनियात कार्बन नाही, पण तो विषारी. जहाज वीस-पंचवीस वर्षं चालतं. आज मागणी नोंदवली तर ते २०५० पर्यंत पाण्यात असणार. मालकाला आज पैज लावायची आहे, आणि पत्ते वाटणारे म्हणतात, थांबा, नियम नंतर सांगतो.

कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये तेच झालं. चौकट स्वीकारायला लंडनमध्ये बैठक भरली. अमेरिकेने आयातशुल्क, व्हिसा, बंदर शुल्क अशा धमक्या उघडपणे दिल्या. सौदीने प्रस्ताव मांडला की वर्षभर तहकूब करा. १७ ऑक्टोबरला ५७ विरुद्ध ४९ मतांनी तहकुबी मंजूर झाली. आपल्याकडे काही जणांनी सुटकेचा श्वास टाकला, चला, कर टळला.

टळला का? इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. युरोपचा नियम तहकूब झालेला नाही. २०२४ च्या धुराचे ४० टक्के, २०२५ चे ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण १०० टक्के धुराचे परवाने विकत घ्यायचे. युरोप आणि बाहेरचं बंदर यांच्यामधल्या प्रवासाचा निम्मा धूर त्यात धरला जातो. म्हणजे न्हावा-शेवाहून रॉटरडॅमला निघालेलं जहाज अरबी समुद्रात जो धूर सोडतं त्याचेही पैसे युरोपच्या तिजोरीत जमा होतात. आयएमओच्या चौकटीत निदान एक जागतिक निधी होता, वर्षाला दहा अब्ज डॉलरच्या वर जमेल असा अंदाज होता, आणि त्यात गरीब देशांचा हिस्सा मागता येत होता. तहकुबीने कर गेला नाही. कर राहिला, हिस्सा मागायची जागा गेली. ज्यांनी २०२१ पासून मिथेनॉलवर चालणारी जहाजं मागवली त्यांचं महाग भांडवल अडकलं, आणि जे नुसते वाट बघत बसले ते फायद्यात राहिले. आधी तयारी करणाऱ्याला शिक्षा आणि टाळाटाळ करणाऱ्याला बक्षीस, हा नियम शाळेत लावला तर वर्ग चालेल का?

पण म्हणून मी चौकटीची आरती ओवाळणार नाही. तिच्यात एक जुना तात्त्विक पेच आहे. हवामानाच्या वाटाघाटींत भारताचं तत्त्व असतं, जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्यांनी दीडशे वर्षं धूर सोडला त्यांनी जास्त उचलावी. समुद्रावरचं तत्त्व नेमकं उलटं. कोणत्याही झेंड्याला झुकतं माप नाही. आणि हे दुसरं तत्त्व अन्यायाचं दिसलं तरी सोडता येत नाही. समजा भारताच्या झेंड्याला सूट दिली. रातोरात जगातली जहाजं भारताचा झेंडा लावतील, मालक तेच राहतील. मार्शल बेटं समुद्रात बुडण्याच्या भीतीत आहेत, आणि त्याच बेटांचा झेंडा जगातल्या सर्वांत मोठ्या नोंदणींपैकी एक आहे! त्यामुळे वसुली सगळ्यांकडून सारखीच करावी लागते. न्याय करायला जागा उरते ती फक्त वाटपात.

आणि मसुदा नेमका तिथेच ढिला आहे. वसुलीचं कलम वाचा. एका मेगाज्यूल ऊर्जेमागे किती ग्रॅम कार्बन, इतकं बारीक. कुठल्या वर्षी किती टक्के, टनाला किती डॉलर, सगळं आकड्यांत. आता वाटपाचं कलम वाचा. स्वच्छ इंधनाला बक्षीस, विकसनशील देशांना मदत, खलाशांचं प्रशिक्षण, न्याय्य संक्रमण. शब्द चांगले आहेत. कुणाला किती, याचा आकडा एकही नाही. वसुली आकड्यांत आणि वाटप विशेषणांत, असा दस्तऐवज आपल्या तलाठ्यानेही एका नजरेत ओळखला असता.

दिल्लीबद्दलही दोन शब्द. सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरला पंतप्रधान म्हणाले की परदेशी जहाजांना आपण वर्षाला ७५ अब्ज डॉलर भाडं देतो, सुमारे सहा लाख कोटी रुपये, आणि आपल्या व्यापारातला भारतीय जहाजांचा वाटा पन्नास वर्षांत ४० टक्क्यांवरून ५ वर आला. चारच दिवसांनी जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर झाली. हेतू योग्य आहे. सिंधियाने विशाखापट्टणमला बांधलेलं 'जलउषा' १९४८ मध्ये पाण्यात उतरलं तेव्हापासून आपण हेच म्हणत आहोत. पण या पैशांतून कोणत्या इंधनाची जहाजं बांधायची हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे, नाहीतर जुनं इंजिन नव्या पत्र्यात बसवून आपण २०५० पर्यंत दंड भरत राहू. हरित हायड्रोजनची केंद्रं म्हणून जी तीन मोठी बंदरं निवडली ती कांडला, पारादीप आणि तुतीकोरिन. महाराष्ट्राचं एकही नाही. ७६,२२० कोटींचं वाढवण बंदर मात्र पालघरला होतंय, मच्छीमारांचा विरोध असताना. तिथे येणाऱ्या जहाजात कोणतं इंधन भरलं जाणार, हे विधानसभेत कुणी विचारल्याचं मला दिसलं नाही.

शेवटी खलाशांचं. एके काळी मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर कोकणचा माणूस, कोळशाच्या भट्टीपुढे पंजाबी, स्वयंपाकघरात गोव्याचा, अशी वाटणी असायची. कोळसा जाऊन तेल आलं तेव्हा भट्टीपुढचा माणूस हळूहळू नाहीसा झाला. त्याची नुकसानभरपाई कुठल्या कंपनीच्या ताळेबंदात सापडत नाही. आज जगातल्या खलाशांत दहांतला एकाहून जास्त भारतीय आहे. उद्या अमोनियाची टाकी सांभाळायची तर गळती झाल्यावर सेकंदात काय करायचं हे शिकावं लागेल. ते शिक्षण कंपनी देणार, सरकार देणार, की पोराच्या बापाने कर्ज काढायचं? मसुद्यात 'प्रशिक्षण' हा शब्द आहे, तो त्या विशेषणांच्या रांगेतच.

तहकूब बैठक वर्षभराने पुन्हा भरायची आहे. भारताने एप्रिलमध्ये बाजूने मत दिलं ते बरोबर होतं असं मी मानतो. पण पुढच्या वेळी जाताना आपल्या शिष्टमंडळाने टक्केवारी मागावी. निधीतला किती वाटा बंदरांना, किती खलाशांच्या शिक्षणाला, किती धान्य आयात करणाऱ्या गरीब देशांना. कंपन्यांची काळजी कंपन्या करतील, त्यांचे वकील त्या बैठकीच्या दारात उभे असतात.

प्रश्न असतील तर विचारा. मिलवाल्यांचे आधी घेऊ.